गाय उचलायचं स्टँड, अकरा दिवस भाड्याने वापरलं त्याचा अनुभव

आधी सरळ सांगतो, स्टँड घ्या. भाड्याने घ्या नाहीतर चार-पाच घरं मिळून विकत घ्या, पण गाय अडून व्याली आणि उठताच न येता बसून राहिली तर दोरखंड आणि जेसीबीच्या नादाला लागू नका. पाचपैकी साडेतीन मार्क देतोय. दीड का कापले तेपण लिहितो, आणि स्टँडबरोबर जे काही करावं लागतं तेपण, कारण दुकानवाल्याने त्यातलं एक अक्षर सांगितलं नव्हतं आणि ते माहीत नसेल तर हे मशीन नुसतं लोखंड आहे.

आम्ही निफाड तालुक्यातले, गोदाकाठचे. द्राक्ष, थोडा ऊस आणि सात गाया. चांदणी ही तिसऱ्या वेताची एचएफ क्रॉस, म्हणजे होल्स्टीन संकरित गाय, मागच्या वेताला बावीस लिटरवर गेलेली, कपाळावर पांढरा ठिपका म्हणून चांदणी. जानेवारीत व्यायला आली. निफाडची थंडी कशी असते ते सांगायला नको, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा पारा रोज पेपरात येतो तेच आमचं गाव समजा. मंगळवारी रात्री कळा सुरू झाल्या, पाण्याची पिशवी फुटली, दोन पाय दिसले आणि डोकं काही येईना. शेजारचे दोघं आले, पायाला दोर लावून ओढायला लागले. मीपण ओढलं. डोकं मागे वळलेलं होतं आणि आम्ही तसंच ओढत होतो, ते आता आठवलं तरी पोटात गोळा येतो. डॉक्टर आले, हात घालून डोकं सरळ केलं, भरपूर वंगण घातलं, मग गाय कळ देईल तेव्हाच ओढायचं आणि ती थांबली की थांबायचं असं करत दोनच्या सुमारास गोऱ्हा बाहेर आला. द्राक्षाच्या काट्यावर वजन केलं, ४३ किलो. जिवंत, लगेच खोकला, कान हलवले. घरचीने तासाभरात चीक काढून बाटलीने दोन लिटर पाजला आणि सकाळी परत दोन.

गाय मात्र उठली नाही.

व्याल्यावर अंगातलं कॅल्शियम घटूनपण गाय बसते, म्हणून डॉक्टरांनी रात्रीच कॅल्शियम लावलं. बाटली आधी गरम पाण्याच्या बादलीत ठेवून कोमट करून घेतली, शिरेतून अगदी हळू सोडली आणि एका हाताने स्टेथोस्कोप छातीला लावून बसले होते, ठोके जरा वेडेवाकडे वाटले की नळी दाबायचे. भरभर गेलं तर हृदय बंद पडतं म्हणाले. म्हणून हे काम घरी कुणी करू नये, मेडिकलमधून बाटली आणून स्वतः टोचणारे आमच्याकडे आहेत, त्यातल्या एकाची म्हैस जागेवर गेली. कॅल्शियम गेल्यावर चांदणीचे कान गरम झाले, मान कुशीत टाकली होती ती वर आली, मकवान खाल्लं. आम्हाला वाटलं झालं काम, दमलीये, पहाटे उठेल. डॉक्टर गेले, आम्ही झोपलो.

सगळ्यात मोठी चूक तिथं झाली. खाली कोबा होता आणि ती डाव्या कुशीवर सकाळी अकरापर्यंत एकाच अंगावर बसून राहिली, नऊ तास. साडेचारशे-पाचशे किलोचं जनावर कडक जमिनीवर असं बसलं की खालच्या पायाच्या मांसात रक्त फिरत नाही, मांस सुजतं, आतल्या आत नस दबते आणि मग मूळ दुखणं बरं झालं तरी तो पाय काम करत नाही. सकाळी डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. अडून व्यायल्यामुळे ओटीच्या आतल्या नसांना मार लागला होताच, मोठं वासरू अडकतं तेव्हा आतून नस चेपते आणि मांड्या जवळ घ्यायची ताकद जाते, म्हणून ती उठायला बघायची आणि मागचे दोन्ही पाय कोब्यावर बेडकासारखे फाकायचे. पण डावा पाय जास्त खराब झाला तो आमच्या नऊ तासांनी. डॉक्टरांनी खुब्यावर हात ठेवून पाय हलवून, गुदद्वारातून हात घालून बघितलं, हाड मोडलेलं नाही, सांधा निखळलेला नाही म्हणाले. खाते, पिते, शेण टाकते, नजर तरतरीत आहे आणि स्वतः उठायची धडपड करते म्हणजे आशा आहे. हे सगळं सांगितल्यावर मग म्हणाले, उचलायची सोय बघा.

उचलायची सोय म्हणजे आमच्याकडे काय, तर जेसीबी बोलवायचा आणि पोटाखालून दोर. दोन वर्षांपूर्वी वस्तीवरच्या एका गाईला असंच उचललं होतं, सगळा भार पोटावर, ती जीभ बाहेर काढून घोगऱ्या आवाजात ओरडत होती आणि पाय एकही टेकवला नाही, तिसऱ्या दिवशी गेली. त्यामुळे मी शोधाशोध केली आणि नाशिकच्या एका अवजारांच्या दुकानातून हे स्टँड मिळालं. दुकानाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, मला वस्तूबद्दल बोलायचंय. दिवसाला चारशे रुपये भाडं, पाच हजार डिपॉझिट, पिकअपचे येऊन-जाऊन बाराशे. गुरुवारी संध्याकाळी आलं.

वस्तू काय आहे ते सांगतो. जाड पाइपचे दोन इंग्रजी ए सारखे पाय, वर आडवा बीम, नटबोल्टने जोडायचं, चार चाकं. बीमला एक टनाची चेन कप्पी. कप्पीला आडवा दांडा आणि त्याला दोन रुंद बेल्ट, एक पुढच्या पायांमागे छातीखालून, दुसरा मागे मांड्यांच्या आतून, कास मोकळी राहील असा. शिवाय एक वेगळा शिकंजा दिला होता, दोन्ही खुब्यांच्या हाडांवर बसवून स्क्रूने आवळायचा आणि मागचा भाग उचलायचा.

लोखंडाचं काम एक नंबर. पाचशे किलो लटकवलं तरी बीम वाकला नाही, वेल्डिंग स्वच्छ, कुठं धार नाही. चेन कप्पी हळू चालते म्हणून पुतण्या वैतागला पण मला वाटतं तेच बरंय, गाय एकदम हवेत जात नाही, इंच इंच वर येते आणि तिला पाय शोधायला वेळ मिळतो. एका माणसाने चेन ओढायची, एकाने तोंडाशी मोरकी धरून बोलत राहायचं, एकाने मागे थांबून पाय जाग्यावर ठेवायचे. तीन माणसं पाहिजेतच. दोघांत हे करू नका.

आता तक्रारी. पहिली, उंची. स्टँड जवळजवळ दहा फूट आणि आमचं पत्र्याचं शेड आठ. हे दुकानात विचारायला पाहिजे होतं आणि त्यांनीपण विचारायला पाहिजे होतं. शेवटी गाईला बाहेर काढावं लागलं. जुनं दार होतं चाळीत पडलेलं, त्यावर ताडपत्री टाकून तिला अंगावर लोळवून घेतलं आणि सहा जणांनी ओढत अंगणात नेलं. पायाला किंवा शिंगाला दोर बांधून ओढायचं नाही, शेपटीला तर हातच लावायचा नाही, शेपटी मोडते. चाकं दुकानात फरशीवर पळतात, आमच्या मातीत ती चार बोटं रुतली आणि तिथंच राहिली, त्यामुळे चाकं असून नसून सारखीच.

दुसरी तक्रार मागच्या बेल्टची. गाय जरा पुढे झुकली की तो सरकतो आणि थेट कासेवर येतो. ताजी व्यालेली गाय, कास दगडासारखी, त्यावर बेल्ट. पहिल्याच उचलण्यात ती हंबरली आणि घरचीने ओरडून चेन थांबवायला लावली. मग तिने रात्री बसून खताच्या गोण्यांमध्ये जुनी गोधडी भरून दोन उशा शिवल्या आणि बेल्टला नाडीने बांधल्या, शिवाय मागचा बेल्ट पुढच्या बेल्टला पाठीवरून दोरीने जोडला म्हणजे सरकणार नाही. बेल्ट बनवणाऱ्याने हे दोन फुटाचं काम आधीच करून द्यायला काय हरकत होती? तिसरी, हुकाला पत्ती नाही. चेन ढिली पडली की बेल्टची कडी हुकातून निसटू शकते. आम्ही तार बांधली.

आणि सगळ्यात मोठी तक्रार त्या शिकंजाची. त्याच्या आतलं रबर झिजून लोखंड उघडं पडलं होतं. देणारा म्हणाला घाला की, सगळे घालतात. आम्ही शुक्रवारी एकदाच लावला, चार मिनिटं, आणि खुब्यावरची कातडी सोलून दोन्हीकडे लिंबाएवढी सूज आली. डॉक्टर म्हणाले शिकंजा वाईट नाही, पण त्याला जाड गादी पाहिजे, त्याच्याबरोबर छातीला आधार पाहिजे, आणि मागून उचलून गाय टांगून ठेवायची नाही, ती उठायला बघतेय तेवढ्यापुरता जोर द्यायचा आणि पाय धरला नाही की लगेच खाली. नुसत्या खुब्यावर तासभर टांगलेल्या गाईचं मांस फाटतं. आम्ही शिकंजा परत हातात घेतला नाही, बेल्टवरच सगळं केलं.

माहितीचा कागद वगैरे काही नाही. किती वेळ उचलायचं, किती वेळा, कधी थांबायचं, काहीच नाही. एवढी जड वस्तू जिवंत जनावराला लावायला देता आणि एक पान छापत नाही हे मला पटलं नाही. म्हणून आम्ही काय केलं ते लिहितो, डॉक्टरांच्या सांगण्यावरून.

जमीन पहिली. अंगणात माती उकरून भुसभुशीत केली, त्यावर नदीची वाळू, त्यावर फूटभर उसाचं पाचट आणि वर घोटीकडून आणलेला भाताचा पेंढा. रोज दोनदा ओला भाग काढायचा. वाळू-माती अशासाठी की उठताना खूर घसरत नाही, कोब्यावर एकदा घसरली की उरलेलं मांसपण फाटतं. मागच्या दोन्ही पायांना खुराच्या वरच्या सांध्यावर मऊ पट्टा गुंडाळून इंग्रजी आठसारखं बांधलं, पाय दीड-दोन फुटापेक्षा जास्त फाकणार नाहीत असं. काथ्याचा दोर लावू नका, कापतो, आम्ही जुन्या सुती साडीचे पट्टे वापरले.

मग कूस बदलणं. दर तीन-चार तासाला, रात्रीपण. मोबाइलला गजर लावले होते, साडेदहा, दीड, साडेचार. पुढचे पाय पोटाखाली घ्यायचे, मान उलट्या बाजूला वळवायची, दोघांनी खांदा आणि खुबा ढकलायचा, ती पलटते. पलटली की खालून निघालेला पाय हाताने पुढे-मागे हलवायचा, मांडी कोमट पाण्याच्या फडक्याने शेकायची, चोळायची. डावी मांडी पहिले तीन दिवस लाकडासारखी होती, बोट दाबलं तर आत जायचं नाही. चौथ्या दिवशी रात्री दीड वाजता शेकताना मला ती हाताखाली थरथरल्यासारखी वाटली. मी घरचीला उठवून तिचा हात ठेवायला लावला, खात्री करायला. ती म्हणाली हो, हलतंय.

गाय आडवी पडू द्यायची नाही, छातीवर बसलेली पाहिजे, नाहीतर पोट फुगतं आणि पोटातलं वर येऊन फुप्फुसात जातं. भुसा भरलेल्या गोण्या दोन्ही खांद्यांना टेकवून ठेवल्या. कुणीतरी म्हणालं गूळ-तेल नळीने पाजा, डॉक्टरांनी साफ नाही म्हटलं, बसलेल्या गाईच्या घशात जबरदस्तीने ओतलेलं श्वासनळीत जायचा धोका असतो. स्वतःहून प्यायली तेवढंच पाणी, कोमट, बादली तोंडाशी धरून, दिवसात सात-आठ वेळा. मुरघास, मकवान, थोडी सरकी पेंड. दूध बसल्या जागी काढायचं, खालचे दोन सड पलटल्यावर, नाहीतर काससुजी होते आणि ती वेगळीच भानगड. कासेखाली शेण राहू द्यायचं नाही. रात्री अंगावर गोणपाट आणि वाऱ्याच्या बाजूला ताडपत्री, निफाडच्या जानेवारीत हे विसरलात तर बाकी सगळं वाया.

उचलायचं दिवसात दोनदाच, सकाळ-संध्याकाळ. शुक्रवारी पहिल्यांदा उचललं तेव्हा पुढचे पाय टेकले, मागचे ओल्या कपड्यासारखे लोंबत होते, पाच मिनिटांत खाली घेतली. खाली घेतानापण हळू, आणि आधी होती त्याच्या उलट्या कुशीवर. शनिवारी तेच. रविवारी उजव्या मागच्या पायाने माती दाबली. सोमवारी चेन दोन कड्या ढिली केली तर बेल्ट सैल पडला, म्हणजे भार तिच्या अंगावर होता, किती वेळ, तर मी मोजेपर्यंत बसली. मंगळवारी दहा मिनिटं उभी, बेल्ट नुसता आधाराला, आणि त्यात तिने उभ्याने मुतली. बसलेल्या गाईच्या घरातल्या माणसालाच कळेल आम्हाला काय आनंद झाला ते. आईने तिथंच हात जोडले. उचललेली असताना वासरू समोर आणून उभं करायचो, ती त्याला चाटायला मान लांब करायची आणि तेवढ्यात पाय सावरायची, याचा फायदा झाला असं माझं मत आहे.

याच दिवसांत एक माणूस येऊन गेला, सात हजार देतो म्हणाला, आत्ताच द्या, उद्या फुकटपण कुणी नेणार नाही. बसलेल्या गाईच्या दारात अशी माणसं कुठून येतात कोण जाणे. वडिलांनी त्याला चहापण विचारला नाही, आणि आमच्या दारातून कुणी बिनचहाचं जात नाही.

गुरुवारी पहाटे, व्याल्यापासून नवव्या दिवशी, साडेचारच्या गजराला मी बॅटरी घेऊन गेलो तर चांदणी उभी. बेल्ट नाही, काही नाही. डावा मागचा खूर मुडपून पुढच्या बाजूवर टेकलेला, सगळं अंग थरथरतंय, पण उभी. मी जवळ गेलो नाही, दचकून पडेल म्हणून. तिथंच उभं राहून घरात फोन लावला.

त्यानंतर स्टँड तीन दिवस अजून ठेवलं कारण दिवसातून एक-दोनदा तिला उठायला बेल्टचा हात लागायचा. डाव्या खुराला डॉक्टरांनी पट्टी बांधली होती, तीन आठवड्यांनी पाऊल सरळ पडायला लागलं. दूध यंदा चौदावर थांबलं. चालेल. गोऱ्हा दणकट आहे.

हिशोब सांगतो, लोक विचारतात. भाडं चार हजार चारशे, वाहतूक बाराशे, म्हणजे स्टँडचे पाच हजार सहाशे. डॉक्टर आणि औषधं वेगळी. डिपॉझिट पूर्ण परत मिळालं, उचलून न्यायला माणूस सांगितल्या वेळेला आला, त्याबद्दल दुकानाला पूर्ण मार्क. कापलेले मार्क झिजलेल्या शिकंजाचे, सरकत्या बेल्टचे आणि माहितीच्या कागदाचे आहेत. प्रत्येक बसलेली गाय उठते असं नाही, खुबा निखळला असेल, हाड मोडलं असेल तर स्टँड काही करणार नाही, उलट त्रास. म्हणून आधी डॉक्टर, मग स्टँड. रात्रीबेरात्री सोडून दिवसा कुणी मिळत नसेल तर सरकारचा १९६२ हा टोल फ्री नंबर आहे जनावरांसाठी, फिरतं पथक येतं, तो गोठ्यात भिंतीवर लिहून ठेवा.

घेणाऱ्यांनी एवढं करा: शेडची उंची टेपने मोजून जा, शिकंजाचं रबर हाताने चाचपून बघा, बेल्टची शिलाई ओढून बघा, तीन माणसं अकरा दिवस रात्री उठायला तयार आहेत का ते घरात आधी विचारा. आणि व्याल्यावर गाय दोन-तीन तासांत उठली नाही तर पहाटेची वाट बघू नका, त्याच रात्री कोब्यावरून मातीवर घ्या. आम्ही ते केलं असतं तर बहुतेक स्टँड लागलंच नसतं.

रविवारी न्यायला आलेला माणूस म्हणाला, हे इथून थेट सिन्नरकडे चाललंय, तिथं कालवड बसलीये, पहिल्या वेताची. घरचीने बेल्टच्या उशा सोडल्या नाहीत, तशाच बांधलेल्या राहू दिल्या आणि त्याला दोनदा सांगितलं की त्या कासेच्या बाजूला येतात, उलट्या लावू नका.